खिडकी घेऊन शटर ओढणाऱ्यांनो

आमच्या कार्यालयात विमानप्रवास ही अजूनही चहाच्या वेळची बातमी असते. गेल्या वर्षी आमचा एक एल.डी.सी. बायको आणि मुलीला घेऊन मुंबईला निघाला होता. तिघांचाही पहिलाच विमानप्रवास. तिकीट काढायला बसला आणि टेबलावरूनच त्याने मला विचारले, "मॅडम, खिडकी उजवी घेऊ की डावी?" मी तोंड उघडायच्या आत हेडक्लार्क बोलून मोकळे झाले, "दर्याच्या बाजूची घे रे! वयल्यान दर्या कितें सोबता!" बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी म्हटले, समुद्राकडे पाठ करून बस. सगळे हसले. सरकारी कचेरीत बी.ए. मराठी झालेल्या बाईने काही सांगितले की लोक आधी हसतात, मग ऐकतात किंवा ऐकत नाहीत. मला त्याची सवय आहे. पण हे हसू दोन-तीन दिवस डोक्यात घोळत राहिले, म्हणून हा लेख.

मंडळी, समुद्राशी माझे वैर नाही. पण गोव्याच्या माणसाने समुद्र बघायला विमानाची खिडकी विकत घ्यावी हा मला वेडेपणा वाटतो. एकशे पाच किलोमीटरचा किनारा आपल्या दारात पडलाय. कदंबाच्या बसचे तिकीट काढले की मिरामारला त्याच्या पायाशी जाऊन बसता येते. पंचवीस-तीस हजार फुटांवरून हाच समुद्र कसा दिसतो? निळा कागद पसरल्यासारखा. त्यावर एखादे जहाज दिसले तर दिसले, नाहीतर मुंबई येईपर्यंत कागदच. जमीन मात्र वरून जशी दिसते तशी खालून कधीच दिसत नाही. नदी कुठे वळते, डोंगर कुठे कापलाय, गाव कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होते, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला आयुष्यभर कळत नाही. रस्ता त्याला समोरच्या ट्रकची मागची बाजू दाखवतो.

आता उजवी की डावी. लोक इंटरनेटवर वाचतात, 'ए घ्या' किंवा 'एफ घ्या', आणि जातानाही तेच आणि येतानाही तेच घेतात. अहो, विमान उलट वळले की बाजूही उलटते! मधली वाट आणि दोन्हीकडे तीन-तीन सीट्स असलेल्या विमानात 'ए' ही डावी खिडकी आणि 'एफ' ही उजवी. गोव्याहून मुंबईला जाताना विमान उत्तरेकडे तोंड करून किनाऱ्याला धरून जाते, तेव्हा कोकणपट्टी आणि तिच्यामागे सह्याद्री उजव्या हाताला. मुंबईहून येताना तीच कोकणपट्टी डाव्या हाताला. एवढे साधे आहे. सिंधुदुर्ग किल्ला, विजयदुर्गची खाडी, एकामागून एक समुद्राला मिळणाऱ्या नद्या, हे सगळे स्वच्छ दिवशी ओळखता येते. शाळेत नकाशात नद्यांची मुखे भरली होती ना, तीच. फक्त वेळ बघावी लागते. सकाळच्या विमानात जमिनीच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला, सूर्य समोरून डोळ्यांत येतो आणि खाली नुसता पांढरा धूर दिसतो. दुपारी तीननंतर ऊन आपल्या पाठीमागून येते, तेव्हा डोंगराची एकेक घडी उठून दिसते.

मग पंख. एअरबस ए-३२० सारख्या विमानात साधारण नवव्या-दहाव्या रांगेपासून सतराव्या-अठराव्यापर्यंत खाली बघितले की पत्रा दिसतो. पंखाच्या मागे बसलात तर इंजिनाच्या गरम हवेने खालचे चित्र थरथरते. सगळ्यात चांगली जागा पंखाच्या पुढे, आणि अर्थात तिचेच पैसे सगळ्यात जास्त. एटीआर नावाचे पंख्याचे छोटे विमान मिळाले तर देवाचे आभार माना, त्याचा पंख डोक्यावर असतो आणि ते उडतेही खालून.

आणि आता मुख्य गोष्ट, जी आमच्या हेडक्लार्कना ठाऊक नव्हती. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरते. आपल्याकडे पावसाळाभर आणि एरवीही दुपारचा वारा समुद्राकडून येतो. म्हणून दाबोळीला विमान बहुतेक वेळा समुद्राकडून येतच नाही. ते आत जमिनीवर शिरते, फोंड्याच्या अंगाने वळते आणि पश्चिमेकडे तोंड करून उतरते. उतरण्याआधीची शेवटची पाच-सात मिनिटे, जेव्हा विमान सगळ्यात खाली असते आणि माणसाला झाडसुद्धा ओळखता येते, ती मिनिटे समुद्रावर जात नाहीत. ती फोंडा तालुक्यावर आणि जुवारीवर जातात. उजव्या खिडकीत लांबवर पाळी-वेळग्याचा खाणपट्टा, मग मडकई, कुंभारजुव्याचा फाटा, आगशी, कुठ्ठाळीचा पूल. डाव्या खिडकीत दुर्भाट, बोरी, लोटली आणि पलीकडे सासष्टीची भाताची शेते. मोपाला २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली, तिथेही बहुधा पूर्वेकडून, दोडामार्गाच्या बाजूने येतात. तिथे मी डावी खिडकी घेते, म्हणजे डिचोली दिसते.

डिचोली कशाला बघायची, असे कोणी विचारील. तर ऐका.

माझ्या टेबलावर रोज एक-चौदाचे उतारे येतात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, महाराष्ट्रात जसा सात-बारा तसा गोव्यात एक-चौदा. त्यात जमिनीच्या जातीचे वेगवेगळे रकाने आहेत: बागायत, भात, खाजन, खेर, मोरड. खाजन म्हणजे खाडीकाठची, समुद्रसपाटीच्या जवळपास किंवा थोडी खालीच असलेली शेतजमीन. बांध घालून खारे पाणी अडवायचे, मानशीच्या दारांतून भरती-ओहोटीचे पाणी हवे तेवढेच आत-बाहेर करायचे आणि आत खाऱ्या मातीत तग धरणारे कोरगुट भात पिकवायचे, अशी आपल्या पूर्वजांची शेकडो वर्षांची करामत. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे असे पुस्तकात म्हणतात. माझ्या उताऱ्यावरही ती आहे. रकान्यात हेक्टर, आर, चौरस मीटर सगळे नीट लिहिलेले आहे.

विमानातून बघितले की कळते, किती रकाने खरे आहेत. कुठे बांध फुटून आत खाडी शिरली आहे आणि खारफुटी माजली आहे, कुठे एका कडेने लाल मातीचा भराव पडलाय आणि त्यावर चौकोनी प्लॉट आखलेत. जमिनीवरून हे दिसत नाही, कारण रस्त्याच्या कडेला माड आहेत, घरे आहेत, भिंती आहेत. खाणींचे तसेच. रस्त्यावरून धूळ दिसते, खड्डा दिसत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल आला आणि खाणी थांबल्या, मधे पुन्हा सुरू झाल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजेस रद्द केल्या. ह्या सगळ्या बातम्या आपण वाचल्या, वाद घातले, निवडणुका लढवल्या. पण त्या खड्ड्यांत साचलेले हिरवट पाणी आणि शेजारी उभे केलेले मातीचे डोंगर एका नजरेत किती गोवेकरांनी बघितलेत? ३,७०२ चौरस किलोमीटरचे आपले राज्य, विमान ते दहा मिनिटांत ओलांडते. दहा मिनिटे जागे राहायचे, एवढीच मागणी आहे माझी.

आणि नेमके तेव्हा शटर खाली असते!

२०१७ ची गोष्ट सांगते. माझे बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ताई ठाण्याला असते. तिच्याकडे राहून त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. जाताना कोकण रेल्वेने गेलो होतो, येताना ताईने हट्टाने विमानाची तिकिटे काढून दिली. बाबांचा तो पहिला विमानप्रवास, आणि नंतर कळले, शेवटचाही. ते मडकईचे. तरुणपणी दुसऱ्याच्या खाजनात कूळ म्हणून राबलेले. दरवर्षी पावसाआधी कुळांनी मिळून बांधाची डागडुजी करायची, चिखल आणि पेंढा डोक्यावरून वाहायचा, त्या कामाच्या गोष्टी आम्ही लहानपणी कंटाळा येईपर्यंत ऐकल्या होत्या. पुढे खनिजाच्या बार्जी जुवारीतून मुरगावला जाऊ लागल्या आणि त्यांच्या लाटांनी बांध खचू लागले. बाबांनीही शेत सोडले, फोंड्याला दुकानात नोकरी धरली. विमानतळावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "वयल्यान बांद दिसतलो?"

मी सीटचे पैसे भरले नव्हते. खिडकीला तीनशेच्या वर मागत होते आणि मला ते जिवावर आले. हे कबूल करून टाकते, कारण ह्या लेखात दुसऱ्यांवर ओरडणार आहे. कंपनीच्या यंत्राने दिल्या त्या सीट्स घेतल्या: सतरा-डी आणि सतरा-ई. बाजू उजवी मिळाली, ते नशीब. एफवर एक तरुण मुलगा आला, बसला, पट्टा बांधला, शटर फटकन खाली ओढले, मोबाईल काढला. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "बेटा, थोडा खोलेगा?" तो म्हणाला, "अंकल, ग्लेअर आता है." उर्मट नव्हता हो तो. हसून म्हणाला. एवढा हसरा होता की भांडताही येईना.

उतरायच्या आधी घोषणा झाली, तेव्हा त्याने शटर वर केले. तोवर विमान बरेच खाली आले होते. बाबा पुढे वाकले, मुलगा जरा मागे सरकला, आणि खिडकीत पंख. पंखाच्या कडेने थोडी नदी. "मडकय गेली?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "गेली वाटतं." ते पुन्हा पाठ टेकून बसले. नवे डोळे घेऊन आलेला माणूस त्या पांढऱ्या पत्र्याकडे बघत घरी आला. २०१९ मध्ये बाबा गेले.

त्या मुलावर माझा राग नाही असे म्हणायला मला आवडले असते. पण आहे. तो सीटचे पैसे भरून बसला होता, हे मान्य. 'मी पैसे मोजलेत, मी शटर उघडेन नाहीतर बंद करीन' हा युक्तिवाद मी नंतर अनेकांच्या तोंडून ऐकला. ऐका बाबांनो, तुम्ही सीट घेतलीत. खिडकी ही तीन माणसांची असते. मधल्या सीटवरचा माणूस तिच्यातूनच बघतो, वाटेकडचा मान लांब करून तिच्यातूनच बघतो. एस.टी.त किंवा कदंबात खिडकीशी बसलेला माणूस पावसात विचारतो, 'लावू का?' तेवढे तरी विमानात विचारा. झोपायचे असेल तर वाटेकडची सीट घ्या, तिथे कोणाच्या पायावरून जावे लागत नाही. मोबाईल बघायचा तर तो मधल्या सीटवरही तितकाच दिसतो. खरेच ऊन लागत असेल तर शटर अर्धे ओढता येते, हे फार थोड्यांना सुचते.

विमान कंपन्यांनाही सोडणार नाही. २०१३ मध्ये आपल्याकडे आवडीच्या सीटसाठी वेगळे पैसे घ्यायची मुभा मिळाली आणि खिडकी ही विकायची चीज झाली. ठीक आहे, विका. पण मग जे विकता ते द्या तरी. विमान बनवणारा कारखाना खिडक्या ठराविक अंतरावर पाडतो, सीट्स मात्र कंपनी आपल्या सोयीने दाटीवाटीने बसवते. मग तुमच्या खांद्याशी खिडकी येते की दोन खिडक्यांमधली भिंत, हा जुगार. बोइंग ७३७ मध्ये तर मधल्या एखाद्या रांगेत खिडकीच नसते, तिथून थंड हवेची नळी वर जाते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत डेल्टा आणि युनायटेड ह्या दोन कंपन्यांवर प्रवाशांनी ह्याच कारणासाठी दावे लावले: खिडकीचे पैसे घेतले आणि भिंत दिली. वाचून मला फार बरे वाटले. बोइंग ७८७ मध्ये आणखी गंमत आहे. तिथे शटरच नाही, बटण दाबून काच काळी करायची, आणि सगळ्या काचा एकदम काळ्या करण्याची सोय कर्मचाऱ्यांच्या हातात. म्हणजे उद्या खिडकीशी बसूनही बघायचे की नाही ते दुसराच ठरवणार.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवते. २०२५ च्या मे महिन्यात, सीमेवर तणाव असताना, संरक्षण दलांच्या विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या, दहा हजार फुटांच्या खाली शटर बंद ठेवण्याचा आदेश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने काढला होता. त्यावर माझी काही तक्रार नाही. आपली दाबोळीही नौदलाची आहे. फोटो काढू नका म्हटले तर नाही काढायचे, मी एरवीही काढत नाही. पण सुरक्षेसाठी सांगितले म्हणून शटर बंद करणे वेगळे आणि रील बघायला अंधार हवा म्हणून बंद करणे वेगळे. उलट एरवी उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी शटर उघडी ठेवायला सांगतात तीही सुरक्षेसाठीच. बाहेर आग-बीग लागली तर आतल्यांना दिसावी, काही झालेच तर बाहेरच्यांना आत बघता यावे, आणि बाहेरच्या उजेडाला डोळे आधीच सरावलेले असावेत. तेव्हा आपले लोक शटर कसे उघडतात बघा. शाळेत गुरुजींनी वही दाखव म्हटल्यावर पोर दाखवते तसे. कर्मचारी पुढे गेली की पुन्हा खाली.

'खिडकी काय लहान पोरांची हौस आहे', असे म्हणणारे आणखी एक जात आहेत. वर्षाला दहा वेळा उडतात, त्यांना म्हणे सगळे सारखेच दिसते. गल्फमधून चवथीला घरी येणारे आमच्या वाड्यावरचेच लोक दाबोळीला चाके टेकेपर्यंत झोपलेले असतात. रात्रीचे विमान असेल तर मी काही म्हणणार नाही. पण दिवसाढवळ्या, दोन वर्षांनी, भाद्रपदात, सगळा गोवा हिरवागार असताना? मग घरी आल्यावर हेच विचारतात, गावात काय नवीन? अरे, वरून येताना दिसले असते की! तुमच्याच घरामागचा सडा अर्धा कापलाय.

२०२३ च्या ऑक्टोबरात कार्यालयाच्या कामासाठी दिल्लीला जाणे झाले. येताना दाबोळी. ह्या वेळी मी पैसे भरले. पाच-एफ. बिलात ते पैसे 'अनुज्ञेय नाही' म्हणून कापले गेले, तो भाग वेगळा. दुपारचे चार वाजले होते, पाऊस नुकताच संपलेला, हवा धुतल्यासारखी. फोंड्याच्या अंगाने विमान उजवीकडे कलले तेव्हा जमीन खिडकीत उभी राहिली. देवळांची कौले, कुळागरे, मग मडकईची उतरण आणि तिच्या पायथ्याशी खाजन. काही तुकडे भाताने पिवळे झालेले होते. एक मोठा तुकडा मात्र पाण्याखाली होता. कडेने गडद हिरवी खारफुटी, आणि बांधाची रेघ मधेच तुटलेली. दोन ठिकाणी. बाबांचे शेत नक्की तेच का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण मानशीची जागा आणि नदीचा बाक ते सांगायचे तसाच होता. सोमवारी कार्यालयात गेल्यावर मी त्या भागाचा सर्व्हे प्लॅन काढला, अंदाजाने नंबर शोधले आणि उतारे बघितले. सगळीकडे रकाना एकच भरलेला: खाजन. त्यावर मी एक टिपण लिहून वर पाठवले. माझ्या टेबलाचे ते काम नव्हे असा शेरा येऊन ते परत आले. शेजारच्या गावातल्या कुळ संघटनेच्या एका म्हाताऱ्यांना मी ते दाखवले, तर ते म्हणाले, बांध फुटून चार वर्षे झाली, आम्ही किती अर्ज केले. त्यांना वरून बघायची गरज नव्हती. गरज आम्हाला होती, जे उतारे देतो.

आमचा एल.डी.सी. त्या आठवड्यात मुंबईला गेला आणि रविवारी परत आला. त्याने माझे ऐकले होते. जाताना उजवी खिडकी, येताना मोपाला उतरणारे विमान आणि डावी. खिडकीशी मुलीला बसवले होते. चहाच्या वेळी तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, मुलीने एक मोठे हिरवे तळे बघितले, गोल, पायऱ्या-पायऱ्यांचे. ती विचारते ते कुठल्या देवळाचे?" मी नकाशा काढला. त्याला वाटत होते ते अडवलपाल असावे, मला वाटत होते शिरगाव-मये. हेडक्लार्कही चष्मा लावून आले. साडेचार वाजेपर्यंत आमचे काही एकमत झाले नाही.